झोपाळू राष्ट्राध्यक्षाची दुसरी खेळी

संध्याकाळच्या कल्याण लोकलने ठाणे सोडले की अर्धा डबा पेंगायला लागतो. खिडकीजवळचा मान मागे टाकून झोपतो, मधला शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडतो आणि चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेला गृहस्थ एका पायावर तोल सांभाळत डुलकी काढतो. कळवा जाते, मुंब्रा जाते, दिवा जाते आणि डोंबिवली आली की मात्र सगळ्यांना न चुकता जाग येते. या झोपेचे आपल्याला थोडे कौतुकच आहे. पहाटे पाचला उठून डबा भरणाऱ्या आणि रात्री नऊला घरी पोचणाऱ्या माणसाने गाडीत डोळे मिटले तर त्यात नवल ते काय?

पण याच डब्यात एखादा असाही असतो, की रात्रभर अंथरुणात पडून आल्यावरसुद्धा सकाळच्या गाडीत त्याचे डोळे उघडे राहत नाहीत. तो कचेरीत फायलीवर पेंगतो, गडकरी रंगायतनमध्ये दुसरा अंक सुरू झाला की घोरू लागतो, पाहुणे समोर बसलेले असताना त्याची हनुवटी छातीवर टेकते. बायकोला चारचौघांत लाज वाटते, मुले त्याला कुंभकर्ण म्हणतात, साहेब आळशी म्हणतात. हळूहळू त्याचे त्यालाही वाटू लागते, की आपल्यातच काही खोट आहे.

अशाच एका माणसाच्या आयुष्याची ही हकीकत आहे. तो आपल्याकडचा नव्हे, दूर अमेरिकेतला. आणि साधासुधा कारकूनही नव्हे, तर त्या देशाचा सत्ताविसावा राष्ट्राध्यक्ष. विल्यम हॉवर्ड टॅफ्ट हे त्याचे नाव. राष्ट्राध्यक्षपद आणि सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीशपद अशी दोन्ही पदे भूषवणारा अमेरिकेच्या इतिहासातला हा एकमेव गृहस्थ. पहिल्या पदावर असताना तो झोपाळू म्हणून चेष्टेचा विषय झाला आणि दुसऱ्या पदावर, वयाची साठी उलटल्यावर, अखंड कामाचा माणूस म्हणून त्याने नाव मिळवले. मधल्या काळात काय बदलले, हे आपल्या घराघरांतल्या कुंभकर्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

हुशार आणि अवजड

टॅफ्ट यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५७ रोजी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात झाला. घराणे कायदेपंडितांचे. वडील अल्फान्सो टॅफ्ट राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या मंत्रिमंडळात होते. मुलगा लहानपणापासून अंगाने थोराड, म्हणून सवंगड्यांनी त्याच्या देहयष्टीवरून टोपणनाव पाडले, ते पुढे कॉलेजातही चिकटून राहिले. येल विद्यापीठात त्यांनी कुस्तीत वजनदार गटाचे अजिंक्यपद मिळवले आणि १८७८ साली पदवी घेताना वर्गात दुसरा क्रमांकही पटकावला. जाड माणूस मंद असतो, या समजाला त्यांनी तरुणपणीच खोटे ठरवले होते.

वकिली, मग न्यायाधीशपद, १८९० मध्ये सॉलिसिटर जनरल, १८९२ मध्ये संघराज्याच्या वरिष्ठ न्यायालयात नेमणूक अशी त्यांची चढण सरळ होती. मनातून त्यांना एकच हवे होते, सर्वोच्च न्यायालयातली खुर्ची. १८८६ मध्ये त्यांचा विवाह हेलन हेरन यांच्याशी झाला. घरात सगळे त्यांना नेली म्हणत. नेलीबाई मोठ्या जिद्दीच्या. त्यांच्या डोळ्यांसमोर न्यायालय नव्हते, व्हाइट हाऊस होते. पतीला काय हवे आणि पत्नीला काय हवे याची ही गोड ओढाताण त्या संसारात कायम राहिली.

१९०० साली टॅफ्ट यांना फिलिपाइन्सला पाठवण्यात आले आणि १९०१ मध्ये ते तिथले गव्हर्नर झाले. उष्ण हवा, दगदग आणि प्रचंड देह! घोड्यावरून लांबची रपेट केली आणि प्रकृती ठणठणीत आहे, अशी तार त्यांनी एकदा मायदेशी केली. युद्धमंत्री एलिहू रूट यांनी उलट तार करून घोड्याच्या प्रकृतीची चौकशी केली. ही गोष्ट टॅफ्ट स्वतःच हसत हसत सांगत. आपल्या वजनावरचे विनोद ते दिलखुलासपणे पचवत. मात्र हसून सोडून देण्याच्या या स्वभावामुळेच, त्या वजनाखाली काय चालले आहे, हे बराच काळ कुणाच्या ध्यानात आले नाही.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९०५ च्या अखेरीस, युद्धमंत्री असताना, त्यांनी लंडनच्या डॉ. नॅथॅनियल यॉर्क-डेव्हिस यांचा पत्राने सल्ला घेतला. डॉक्टरांनी पथ्याची यादी धाडली. टॅफ्ट रोज वजन करून आकडे टपालाने लंडनला कळवत. समुद्रापलीकडच्या डॉक्टरच्या भरवशावर त्यांनी १४२ किलोंवरून काही महिन्यांतच ११६ किलोंपर्यंत मजल मारली. पण पुढे तेच झाले, जे बहुतेकांचे होते. पथ्य सुटले, दौरे वाढले, मेजवान्या वाढल्या. ४ मार्च १९०९ रोजी हिमवादळात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांचे वजन १६० किलोंच्या घरात होते.

व्हाइट हाऊसमधल्या डुलक्या

राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या दिवसांची अगदी जवळून नोंद ठेवणारा एक साक्षीदार होता. त्यांचे लष्करी सहायक आर्ची बट. हे बट रोजच्या घडामोडी आपल्या वहिनीला पत्रांतून कळवत. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बोटीबरोबर ते बुडाले, पण पत्रे उरली आणि ती पुढे छापली गेली. या पत्रांतून आणि इतर समकालीनांच्या आठवणींतून जे चित्र दिसते ते चकित करणारे आहे. राष्ट्राध्यक्ष जेवणाच्या टेबलावर झोपत. पत्ते खेळता खेळता झोपत. चर्चमध्ये, नाटकगृहात, अंत्यविधीच्या प्रार्थनेत, इतकेच काय प्रचारासाठी उघड्या मोटारीतून शहरातून फिरताना झोपत. महत्त्वाचा माणूस समोर बसून बोलत असे आणि राष्ट्राध्यक्षांचे डोळे मिटत. मग पाच-दहा मिनिटांत दचकून जागे होत आणि तुटलेला धागा पुन्हा पकडायला बघत.

भोवतालची माणसे काय करत? जे आपल्या घरांत केले जाते, तेच. कुणी हसे, कुणी दुर्लक्ष करी, कुणी हळूच जागे करी. नेलीबाईंनी तर परीकथेतल्या निद्रिस्त राजकन्येवरून त्यांना लाडाचे नाव ठेवले होते. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला भर दिवसा झोप आवरत नाही, हे सगळ्या वॉशिंग्टनला दिसत होते. पण हा आजार असू शकतो, याची चर्चा राज्यकारभारात कुणी केली नाही. डॉक्टरांच्या पुस्तकांतही तेव्हा या आजाराला नाव नव्हते.

त्यातच घरावर आघात झाला. शपथविधीला अडीच महिनेही झाले नव्हते तोच, मे १९०९ मध्ये, नेलीबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. जिने व्हाइट हाऊसचे स्वप्न पाहिले, तिलाच तिथे आल्यावर शब्द फुटेना. टॅफ्ट तासन् तास तिच्याजवळ बसून तिला पुन्हा बोलायला शिकवत. ती सावरली. पुढे १९१२ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या नदीकाठी जपानहून आलेली चेरीची रोपे लावण्याचा समारंभ तिच्याच हातून झाला. आजही ती फुले बघायला लाखो लोक जातात. दिवसा बैठकीत पेंगणारा हाच माणूस होता, हे विसरता कामा नये. आळस आणि बेपर्वाई त्याच्या स्वभावात नव्हती.

घशातला अरुंद रस्ता

टॅफ्ट यांना नेमके काय झाले होते? २००३ मध्ये अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ जॉन सोटोस यांनी छातीच्या विकारांवरील एका मान्यवर नियतकालिकात या प्रश्नाचे उत्तर दिले. जुन्या पत्रांतली झोप, घोरणे, मोठा देह, वाढलेला रक्तदाब हे सगळे एकत्र मांडून त्यांनी निदान केले, की टॅफ्ट यांना झोपेत श्वास अडण्याचा विकार होता. इंग्रजीतले त्याचे नाव आता आपल्याही कानावर येऊ लागले आहे, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया.

हा विकार समजायला सोपा आहे. आपल्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, म्हणून ती चेपत नाही. पण तिच्या वरचा, जिभेच्या मागचा घशाचा भाग नुसत्या मांसाचा आणि स्नायूंचा. जागेपणी स्नायू ताठ असतात म्हणून रस्ता उघडा राहतो. झोप लागली की ते सैल पडतात. रस्ता मुळात अरुंद असेल, गळ्याभोवती चरबी असेल, जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल सुजलेले असतील तर तो रस्ता फडफडू लागतो. ते फडफडणे म्हणजे घोरणे. आणि तो पुरताच मिटला, की घोरणे एकदम थांबते. छाती वरखाली होत असते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून शरीराला हलवतो, एक मोठा हुंदका किंवा घुसमटल्यासारखा आवाज येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. झोपणाऱ्याला यातले काही आठवत नाही. तासाला पाचापेक्षा जास्त वेळा असे होऊ लागले तर डॉक्टर दखल घेतात; तीसच्या वर गेले तर आजार तीव्र मानतात. असा माणूस रात्री आठ तास पडून राहतो खरा, पण झोपत नाही, झगडतो. दिवसाची डुलकी ही त्या रात्रीच्या झगड्याची थकबाकी असते.

आता यात अंगस्थितीचा संबंध कुठे येतो? माणूस उताणा झोपला, की जीभ, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग आपल्याच वजनाने मागे घशावर येतो. खालचा जबडाही मागे सरकतो. शिवाय छातीतल्या हवेचा साठा कमी होतो आणि घसा ताणून धरणारी खालची ओढ सैल पडते. कुशीवर वळले, की हेच वजन बाजूला जाते आणि रस्ता थोडा मोकळा होतो. शिकागोच्या झोपतज्ज्ञ रोझालिंड कार्टराइट यांनी १९८४ मध्ये या फरकाचे मोजमाप प्रसिद्ध केले. उताणे झोपल्यावर श्वास अडण्याचे प्रमाण कुशीच्या दुपटीहून अधिक असेल, तर त्या रुग्णाला अंगस्थितीवर अवलंबून असलेला रुग्ण म्हणायचे, ही मोजपट्टी तेव्हापासून रूढ झाली. १९९७ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी ५७४ रुग्ण तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के, याच प्रकारचे निघाले.

घोरणाऱ्या नवऱ्याला कोपराने ढोसून कुशीवर वळवण्याची आपल्या बायकांची जुनी रीत म्हणजे काही नुसता वैताग नव्हता, हे यावरून दिसेल. मराठीने तर दुपारच्या विश्रांतीला नावच अंगस्थितीचे दिले आहे. वामकुक्षी म्हणजे डावी कूस! तो सल्ला जेवण पचावे म्हणून होता. घशाच्या दृष्टीने डावी की उजवी यात फारसा फरक नाही, पाठ सोडली हे महत्त्वाचे. खुर्चीत किंवा लोकलच्या बाकावर बसल्या बसल्या लागणाऱ्या झोपेतही जीभ सरळ मागे पडत नाही, म्हणून श्वास थोडा बरा चालतो. पण मान लुढकून, दचके खात घेतलेली ती झोप रात्रीचे कर्ज फेडू शकत नाही. टॅफ्ट यांनी चार वर्षे अशा हजारो डुलक्या घेतल्या, आणि तरीही त्यांचा थकवा गेला नाही.

वजन उतरले, डोळे उघडले

१९१२ ची निवडणूक टॅफ्ट यांना फार कडू गेली. ज्यांनी त्यांना पुढे आणले ते थिओडोर रूझवेल्टच त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. पक्ष दुभंगला, वुड्रो विल्सन निवडून आले आणि टॅफ्ट तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. त्यांच्या पदरात युटा आणि व्हरमाँट ही दोनच राज्ये पडली. हा पराभव झोपेमुळे झाला असे म्हणणे उथळपणाचे होईल. त्याला राजकारणाची मोठी कारणे होती. मोठमोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध त्यांच्या सरकारने अनेक खटले चालवले होते, हे विरोधकांनाही नाकारता येत नाही.

मार्च १९१३ मध्ये ते व्हाइट हाऊसमधून बाहेर पडले आणि येल विद्यापीठात कायदा शिकवू लागले. पंचावन्न वर्षांचा, हरलेला, थकलेला माणूस. कुणालाही वाटले असते, की आता हा आरामखुर्चीत बसून उरलेले आयुष्य डुलक्या काढत घालवणार. झाले उलटेच. एका वर्षाच्या आत त्यांनी तीस किलोंच्या आसपास वजन उतरवले आणि यावेळी ते परत चढू दिले नाही. सोटोस यांनी दाखवून दिले, की वजनाबरोबर दिवसाची झोपही ओसरली. मेजवान्यांत आणि सभांत पेंगणारे टॅफ्ट पुढच्या आठवणींतून जवळजवळ नाहीसे होतात. ते व्याख्यानांसाठी देशभर फिरले, पहिल्या महायुद्धात कामगार आणि मालक यांच्यातले तंटे सोडवणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे सहअध्यक्ष झाले.

आणि मग ते घडले, ज्याची ते आयुष्यभर वाट पाहत होते. राष्ट्राध्यक्ष असताना, १९१० मध्ये, त्यांनी स्वतःच्या हाताने एडवर्ड व्हाइट यांना सरन्यायाधीश नेमले होते. जी खुर्ची आपल्याला हवी ती दुसऱ्याला देण्याचा तो प्रसंग. १९२१ मध्ये व्हाइट वारले आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी त्या जागी टॅफ्ट यांची नेमणूक केली. वय वर्षे त्रेसष्ट. पुढची साडेआठ वर्षे त्यांनी जे काम केले, ते तरुणाला लाजवील असे होते. जवळजवळ अडीचशे निकालपत्रे त्यांनी स्वतः लिहिली. खटल्यांचा ढीग उपसण्यासाठी १९२५ मध्ये कायदा करवून घेतला, त्यामुळे कोणते खटले ऐकायचे हे बहुतांशी न्यायालयच ठरवू लागले. संसदेच्या इमारतीत बिऱ्हाडकरूसारखे राहणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाला स्वतःची वास्तू मिळावी म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. ती देखणी इमारत १९३५ मध्ये पुरी झाली, तेव्हा ते हयात नव्हते. रोज सकाळी घरून न्यायालयापर्यंत ते पायी जात, सुमारे पाच किलोमीटर. वॉशिंग्टनच्या ज्या पुलावरून त्यांची चालण्याची वाट होती, त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

त्यांचे सारेच काम गौरवाचे नव्हते. १९२३ मध्ये त्यांच्याच न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात एकमताने निकाल दिला, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नाही. या निकालाने अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही हिरावले गेले. थिंद यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील सखाराम गणेश पंडित यांच्याही नागरिकत्वावर सरकारने घाला घातला. पंडित स्वतःचा खटला लढले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. माणूस जागा असला म्हणजे तो प्रत्येक वेळी न्याय्यच वागतो असे थोडेच आहे! पण त्या खुर्चीवर बसलेले टॅफ्ट जागे होते, हे खरे.

शरीराने जुना हिशेब मात्र पुरता माफ केला नाही. इतक्या वर्षांचा बोजा हृदयाने वाहिला होता. अखेरच्या काळात वजन ११० किलोंच्या आसपास होते, तरी हृदयविकार बळावत गेला. ३ फेब्रुवारी १९३० रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि ८ मार्च १९३० रोजी ते वारले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत चिरविश्रांती घेणारे ते पहिले राष्ट्राध्यक्ष.

कूस बदलताना

टॅफ्ट यांच्या मृत्यूनंतर या विकाराचा उलगडा व्हायला बरीच वर्षे गेली. १९५६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठपणा आणि दिवसाची अनावर झोप यांची सांगड घालताना डिकन्सच्या पिकविक या कादंबरीतल्या सदा पेंगणाऱ्या जाड्या पोराचे स्मरण केले. १९६५ मध्ये युरोपात रात्रभर झोपेचे आलेख काढल्यावर घशात अडणारा श्वास प्रत्यक्ष दिसला. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. सीपॅप म्हणून ओळखले जाणारे ते यंत्र आज ठाण्यापासून कल्याणपर्यंत अनेक घरांत उशाशी दिसते.

हा विकार श्रीमंतांचा किंवा परदेशातला, असेही समजू नये. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत दर शंभरातल्या सुमारे साडेसात जणांना झोपेत श्वास अडणे आणि दिवसा झोप येणे अशी दोन्ही लक्षणे होती. बायकांनाही हा त्रास होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. पण बाईने घोरणे हे चारचौघांत बोलायचे नसते, म्हणून तो झाकला जातो.

मग नुसते कुशीवर झोपून भागेल का? इथेच टॅफ्ट यांचे आयुष्य आपल्याला सावध करते. कुशीचा उपाय मुख्यतः ज्यांचा आजार सौम्य आहे आणि देह फार अवजड नाही, त्यांना लागू पडतो. अतिशय लठ्ठ माणसाचा घसा कुशीवरही मिटतो. टॅफ्ट यांच्या वजनाच्या माणसाला केवळ कूस बदलून सुटका मिळणे कठीण. वजन उतरू लागले, की आधी कुशीवरची झोप सुधारते आणि पाठीवरची मागाहून, कधी कधी पुरती सुधारतही नाही. म्हणून वजन आणि अंगस्थिती ही जोडी आहे; एकाने दुसऱ्याला हात द्यायचा. अंगरख्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालण्याचा उपाय जगभर माहीत आहे. उताणे वळले की चेंडू टोचतो. पण टोचणारा चेंडू बहुतेक लोक काही महिन्यांत काढून टाकतात. आता पाठीवर वळताच हलकेच थरथरणारे पट्टे निघाले आहेत. पाठीमागे लांब लोड ठेवला, उशांचा ढीग न रचता पलंगाची उशाकडची बाजूच थोडी उंच केली, रात्री दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळल्या, तरी काहींना फरक पडतो.

धोका वेगळाच आहे. कोपराने ढोसले, घोरणे थांबले, आणि घरच्यांना वाटले, की प्रश्न मिटला. घोरणे थांबणे म्हणजे श्वास मोकळा होणे असेलच असे नाही. कधी श्वासच थांबलेला असतो. तेव्हा जोडीदाराने एक-दोन रात्री कान देऊन ऐकावे. घोरणे मध्येच तुटते का, नंतर हुंदका येतो का, उताणे असताना जास्त आणि कुशीवर कमी होते का, हे लिहून ठेवावे. मोबाइलवर आवाज नोंदवला तर आणखी चांगले. छातीच्या किंवा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना ही माहिती फार उपयोगी पडते. मग एका रात्रीची झोपेची तपासणी होते, त्यात अंगस्थितीप्रमाणे श्वासाचा हिशेब मिळतो. कुशीवर भागणार की यंत्र लागणार, ते त्यावरून ठरते. सततचा रक्तदाब, सकाळी डोके जड होणे, घोडबंदर रस्त्यावर किंवा नाशिक महामार्गावर गाडी चालवताना लागणारा डोळा ही लक्षणे असतील तर दिरंगाई नको. लहान मूल रोज घोरत असेल तर तेही हसण्यावारी नेऊ नये, त्याचे टॉन्सिल दाखवून घ्यावेत.

आपल्याकडे आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकीला उठतात. मधल्या भाद्रपदात एक परिवर्तिनी एकादशी येते. त्या दिवशी देव शेषशय्येवर कूस बदलतात अशी श्रद्धा आहे. देवांच्या चार महिन्यांच्या झोपेत कूस बदलण्यालासुद्धा आपल्या पूर्वजांनी एक तिथी राखून ठेवली. मग रोज रात्री आपल्या शेजारी झोपणाऱ्या माणसाकडे एकदा लक्ष द्यायला काय हरकत आहे? टॅफ्ट यांच्या भोवती मंत्री होते, सेनापती होते, डॉक्टर होते. सगळ्यांना त्यांची झोप दिसली, पण घुसमट कुणाला ओळखता आली नाही. आज ती ओळखता येते.

आज रविवार आहे. गाडी पकडायची नाही, रात्री झोप पुरेशी झाली आहे, नुकताच चहा झाला आहे. तरीही ही पुरवणी वाचता वाचता घरातल्या कुणाची मान छातीवर कलंडली असेल, तर लेख कंटाळवाणा होता असे समजून सोडून देऊ नका. त्यांना हळूच उठवा आणि या आठवड्यात एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा.